कैलाहूनच्या फ्रीजरमधलं औषध : साथीत कुणाला विचारायचं, कधी विचारायचं?

निरंजना (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:४०

परवा एका धाग्यावर कुणीतरी ठणकावून सांगितलं की साथ आल्यावर नीतिमत्तेच्या गप्पा परवडत नाहीत, तेव्हा फक्त जीव वाचवायचे असतात. तिथे उत्तर देणं अवांतर झालं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

जुलै २०१४. सिएरा लिओनमध्ये इबोलाची साथ भडकली होती. शेख उमर खान हे त्या देशातले रक्तस्रावी तापांचे सर्वांत जाणकार डॉक्टर. केनेमाच्या रुग्णालयात इबोलाचे रुग्ण तेच पाहत होते. लागण त्यांनाही झाली आणि त्यांना कैलाहूनच्या उपचार केंद्रात हलवलं. त्या केंद्राच्या फ्रीजरमध्ये झीमॅप नावाचं औषध ठेवलेलं होतं. माकडांवर चांगलं चाललेलं, माणसाला तोवर एकदाही न दिलेलं. द्यावं की न द्यावं यावर तिथल्या परदेशी डॉक्टरांचा खल झाला आणि शेवटी देऊ नये असं ठरलं. देशाचा लाडका डॉक्टर औषधानंतर दगावला असता तर 'परक्यांनी त्याच्यावर प्रयोग केला' अशी हाकाटी झाली असती, आणि आधीच दवाखान्याला घाबरणारे लोक आणखी लांब पळाले असते. २९ जुलैला खान गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत शेजारच्या लायबेरियात दोन अमेरिकन आरोग्यसेवकांना झीमॅप मिळालं. दोघंही वाचले.

यावर वाचलेलं बहुतेक लिखाण 'गोऱ्याला औषध, काळ्याला नकार' इथेच थांबतं. मला त्या डॉक्टरांचा निर्णय तेवढा सरळसोट चुकीचा वाटत नाही. घशात अडकतं ते वेगळंच. असं औषध शेजारच्या खोलीत आहे हे खान यांना कुणी सांगितलंच नाही. त्या इमारतीत या रोगाबद्दल त्यांच्याइतकं जाणणारं क्वचितच कुणी असेल, आणि त्यांच्याबद्दलची चर्चा त्यांना वगळून झाली.

माझा प्रश्न एवढाच : साथ आली की 'विचारणं' हीच गोष्ट सगळ्यांत आधी का गळून पडते?

---

खवचट_काका | सोमवार, रात्री ९:५८

वाचनखूण साठवली. पण तापाने फणफणलेल्या माणसाला विचारायचं काय? 'साहेब, हे औषध आहे, मेलात तर आमची बदनामी होईल, सही कुठे करता?'

---

डॉ_तिरकस | सोमवार, रात्री १०:३१

काका, तुमची थट्टा वाटते तेवढी थट्टा नाही. नेमकी हीच अडचण होती.

११ ऑगस्ट २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने नीतितज्ज्ञांची बैठक घेतली. एकमताने ठरलं की या साथीत, या परिस्थितीत, परिणाम आणि दुष्परिणाम ठाऊक नसलेलं औषध देणं नैतिकदृष्ट्या चालेल. अटी होत्या : रुग्णाची समजून-उमजून संमती, निवडीचं स्वातंत्र्य, गोपनीयता, स्थानिक समाजाचा सहभाग, आणि जे दिलं त्याची नोंद ठेवून ती सगळ्यांसमोर मांडणं. खान गेले २९ जुलैला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

पण धागाकर्तीच्या लिखाणातून नकळत एक समज तयार होतो, तो खोडतो. फ्रीजरमध्ये अमृत नव्हतं. झीमॅप मिळूनही एक स्पॅनिश धर्मगुरू गेले, एक लायबेरियन डॉक्टरही गेले. पुढे त्याची रीतसर चाचणी सुरू झाली तोवर साथ ओसरत आली होती. जेमतेम ७२ रुग्ण मिळाले आणि ठाम निष्कर्ष निघालाच नाही. खरं उत्तर मिळायला काँगोतली पुढची साथ यावी लागली. तिथल्या चाचणीत चार औषधं समोरासमोर ठेवली. २८ दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण झीमॅप घेतलेल्यांत सुमारे ५० टक्के, आणि दोन नव्या प्रतिपिंड-औषधांत (प्रतिपिंड म्हणजे रोगजंतूशी लढायला शरीर बनवतं ते प्रथिन) ३५ आणि ३४ टक्क्यांच्या आसपास. फरक इतका स्पष्ट दिसला की ऑगस्ट २०१९ मध्ये चाचणी मध्येच थांबवून उरलेल्या रुग्णांना तीच दोन औषधं द्यायला सुरुवात झाली. त्यातलं एक औषध १९९५ च्या किक्विटच्या साथीतून वाचलेल्या माणसाच्या रक्तातून आलेलं आहे.

म्हणजे 'मरतोय ना, मग जे आहे ते द्या' ही दया वाटते, पण तसं वाटेल त्याला वाटेल ते देत राहिलो असतो तर झीमॅप चांगलं की वाईट हे आजही कळलं नसतं. कोविडच्या पहिल्या महिन्यांत जगभर हेच झालं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मूठ-मूठ वाटलं गेलं. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने ते निरुपयोगी ठरवलं आणि जून २०२० मध्ये त्याच चाचणीने दाखवलं की डेक्सामेथासोन या जुन्यापुराण्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटतात. साथीत अभ्यास न करणं हाच मला अनैतिकपणा वाटतो.

---

पानगळ | सोमवार, रात्री १०:४४

डॉक्टर, अभ्यास म्हणजे अर्ध्या लोकांना खोटं औषध देऊन कोण मरतं ते बघत बसायचं. इबोलाच्या लशीतही तेच केलं होतं ना?

---

गणितज्ञ_नापास | सोमवार, रात्री ११:२०

नाही. गिनीतल्या २०१५ च्या चाचणीत खोटी लस कुणालाच दिली नव्हती. हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण नीतिमत्ता म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर भाषण येतं, आणि इथे ती चक्क आकडेमोडीत बसवली होती.

एक रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातले लोक, आणि त्या लोकांच्या संपर्कातले लोक, असं एक कडं आखायचं. देवीच्या निर्मूलनात वापरलेली जुनी युक्ती. मग कड्याकड्यांमध्ये चिठ्ठी टाकायची. काही कड्यांना लस आज, काहींना २१ दिवसांनी. इबोलाचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, जास्तीत जास्त २१ दिवसांचा, म्हणून तो आकडा. शेवटी लस सगळ्यांना मिळते, फरक फक्त रांगेचा. लस इतकी थोडी होती की रांग तशीही लागणारच होती. मग ओळखीपाळखीने लावण्यापेक्षा चिठ्ठीने लावली, म्हणजे त्या रांगेतून ज्ञानही मिळालं.

जुलै २०१५ मध्ये अंतरिम हिशोब पाहिला. लगेच लस मिळालेल्यांमध्ये दहाव्या दिवसानंतर एकही रुग्ण नव्हता. त्यानंतर थांबायला लावणं बंद केलं आणि सगळ्यांना लगेच लस.

तरी पानगळ यांचा सल खोटा नाही. थांबलेल्या कड्यांत लोक आजारी पडलेच. लस आधी मिळती तर त्यातले काही वाचले असते हे त्याच चाचणीने सिद्ध केलं. मी हा आराखडा योग्य मानतो. पण त्या गावात २१ दिवस थांबलेल्या माणसासमोर उभं राहून मानला असता का, ते सांगवत नाही.

---

उंटावरून | सोमवार, रात्री ११:४७

त्या धाग्यावर ते वाक्य लिहिणारा मीच, त्यामुळे उत्तर देणं आलं.

विषाणू समितीच्या बैठकीची वाट पाहत नाही. तुम्ही एकेकाला विचारत बसाल तोवर दहाचे वीस झालेले असतील. घराला आग लागल्यावर अग्निशमन दल शेजाऱ्याची परवानगी घेऊन भिंत पाडत नाही. साथीत काही काळ हुकूमच लागतो. नंतर माफी मागा, भरपाई द्या, पण आधी विझवा.

---

वकील_बिनफीचा | मंगळवार, सकाळी ७:१५

आगीचा दाखला न्यायालयातही हमखास येतो, आणि तिथेच फसतो. भिंत पाडल्याने आग विझते हे ठाऊक असतं. साथीतले पुष्कळ हुकूम काही विझवतच नाहीत.

सॅन फ्रान्सिस्को, १९००. प्लेगच्या नावाखाली चिनी वस्तीला वेढा घातला. वेढ्याची रेषा अशी आखली होती की चिनी लोकांची घरं-दुकानं आत आणि त्याच भागातली गोऱ्यांची बाहेर. संघराज्य न्यायालयाने तो वेढा रद्द केला. कारण केवळ भेदभाव एवढंच नव्हतं. वेढ्यात निरोगी आणि आजारी यांना एकत्र कोंडल्याने रोग उलट पसरेल, हेही होतं.

लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया, ऑगस्ट २०१४. वेस्ट पॉइंट ही समुद्राकाठची दाट वस्ती एका पहाटे सैन्याने बंद केली. रात्री झोपलेले लोक सकाळी उठून कामाला निघाले तर समोर तारांचं कुंपण. दंगल झाली, गोळीबार झाला, १५ वर्षांचा एक मुलगा गेला. दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. पुढे आजारी माणसं शोधायचं काम कुणी केलं? त्याच वस्तीतल्या लोकांनी, घरोघर फिरून.

हक्कांवर बंधन केव्हा घालता येतं याची कसोटी १९८४ च्या सिराक्यूसा तत्त्वांत आहे : कायद्याचा आधार हवा, रास्त हेतू हवा, खरीच गरज हवी, कमीत कमी जाचक मार्ग हवा, आणि मनमानी किंवा भेदभाव नको. चालू साथीत ही तपासणी दोन तासांत होऊ शकते. वेळ नसतो म्हणून होत नाही असं मला वाटत नाही. करायचीच नसते.

आणि मेरी मॅलन. टायफॉइडची वाहक, स्वतः ठणठणीत. १९०७ ते १९१० आणि पुन्हा १९१५ पासून १९३८ ला मरेपर्यंत, एकूण सुमारे २६ वर्षं तिला एका बेटावर ठेवलं. सुटल्यावर पुन्हा स्वयंपाकीण म्हणून कामाला लागली ही तिची चूकच. पण तिला येणारं काम तेवढंच होतं, आणि त्याच्या तोलाचं दुसरं पोट भरायचं साधन तिच्या हाती कुणी दिलं नाही. एखाद्याला सगळ्यांसाठी घरी बसवायचं तर त्याचं घर कसं चालणार हा प्रश्न त्याच आदेशात सुटायला हवा. उंटावरून साहेब म्हणतात ती भरपाई 'नंतर' दिली की आदेश मोडला जातोच.

---

उंटावरून | मंगळवार, सकाळी ८:०२

मॅलनचा मुद्दा मान्य. वेस्ट पॉइंटचाही. पण प्रेतांचं काय? इबोलाचं प्रेत अतिशय संसर्गजन्य असतं. तिथेही नातेवाइकांना विचारायचं?

---

निरंजना (धागाकर्ती) | मंगळवार, सकाळी ९:२६

हो, तिथेच सगळ्यांत जास्त. उदाहरण तुम्हीच आणून दिलंत, आभार.

सुरुवातीला पांढऱ्या पोशाखातली माणसं यायची, प्रेत पिशवीत भरायची आणि न्यायची. घरच्यांना तोंड दिसायचं नाही, पुरलं कुठे तेही कळायचं नाही. मोनरोव्हियात ऑगस्टपासून सक्तीने दहन सुरू झालं. जिथे पुरण्याचाच रिवाज तिथे जाळणं म्हणजे माणूस दुसऱ्यांदा मारणं. परिणाम काय? लोक आजारी माणूस लपवू लागले आणि रात्री गुपचूप पुरू लागले, म्हणजे प्रेत धुणं, त्याला स्पर्श करणं सगळं आलंच. हुकूम कागदावर पाळला गेला आणि संसर्ग अंधारात गेला.

मग नियम बदलले. नावातच 'सुरक्षित' च्या जोडीला 'सन्मानाने' आलं. घरच्यांना आधी सांगायचं, धर्मगुरूला बोलवायचं, अंतर राखून प्रार्थना करू द्यायची, कपडा किंवा आवडती वस्तू सोबत ठेवू द्यायची, कबरीवर नाव लावायचं. वर्षअखेरीला लायबेरियात दहनाची सक्ती उठवून दफनभूमीसाठी जागा दिली. यात विषाणूशास्त्राला कुठेही मुरड घातलेली नाही. पिशवी तीच, हातमोजे तेच.

विचारलं नाही की काय होतं याचं टोक म्हणजे सप्टेंबर २०१४, गिनीतलं वोमे गाव. जनजागृतीला गेलेल्या पथकातले आठ जण गावात मारले गेले. आरोग्यसेवक होते, पत्रकार होते. त्या गावाचं समर्थन नाही करत. पण हेच लोक रोग आणतात असं एका अख्ख्या गावाला वाटलं, ते काही एका दिवसात वाटलेलं नसणार.

---

डॉ_तिरकस | मंगळवार, सकाळी १०:०५

अविश्वास साठतो, याला दुजोरा. १९९६ मध्ये नायजेरियातल्या कानोत मेंदूज्वराची मोठी साथ होती. फायझरने तिथे ट्रोव्हन या औषधाची २०० मुलांवर चाचणी केली. ११ मुलं दगावली. संमती नीट घेतली की नाही यावर वर्षानुवर्षं खटले चालले. कंपनीने आरोप नाकारले आणि २००९ मध्ये कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. मधल्या काळात, २००३ मध्ये, त्याच कानोने पोलिओची लस थांबवली. बहिष्काराला इतरही कारणं होती, पण ट्रोव्हनची आठवण लोकांच्या तोंडी होती. पुढे तिथला विषाणू कितीतरी देशांत पोचला.

पाकिस्तानात बिन लादेनच्या शोधासाठी सीआयएने लसीकरणाचा बनाव रचला, २०११. लस टोचणाऱ्यांचे जीव त्यानंतर कसे टांगणीला लागले हे सगळ्यांना माहीत आहे. २०१४ मध्ये अमेरिकेने 'यापुढे लसीकरण मोहिमांचा असा वापर करणार नाही' असं लिहून दिलं. यापुढे!

---

पानगळ | मंगळवार, दुपारी १:३३

माणसांना विचारत नाहीत, तसं देशांनाही नाही.

२००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेकडे पाठवणं थांबवलं. तेव्हा जगभर ओरड झाली, जगाला वेठीला धरलं म्हणून. त्यांचं म्हणणं साधं होतं : नमुने आमचे, त्यावरून लस बनवणार श्रीमंत देशातली कंपनी, आणि ती लस आम्हाला परवडणार नाही. मला ती अडवणूक धोक्याची वाटते, पण तक्रार शंभर टक्के खरी. त्यातूनच २०११ मध्ये फ्लूपुरती नमुने आणि लाभ दोन्ही वाटून घेण्याची चौकट तयार झाली. न अडवता ती झाली असती असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी हात वर करा.

आणि लायबेरिया! तिथल्या काही लोकांच्या रक्तात इबोलाविरुद्धची प्रतिपिंडं सापडल्याचं युरोपीय संशोधकांनी १९८२ मध्येच छापलं होतं. युरोपातल्या नियतकालिकात. एकही लायबेरियन सहलेखक नाही. २०१४ मध्ये तिथले आरोग्य अधिकारी म्हणत होते, आमच्याकडे हा रोग येईल असं वाटलंच नव्हतं. रक्त त्यांचं, शोधनिबंध त्यांच्यावर, आणि खबर फक्त त्यांनाच नाही.

ओमिक्रॉनचंही तेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने नवा प्रकार ओळखून लगोलग जगाला कळवलं. बक्षीस काय, तर दोन दिवसांत विमानं बंद. नंतर कळलं की नेदरलँड्समध्ये त्या घोषणेच्या आधीच घेतलेल्या नमुन्यांत तो होता. पुढच्या वेळी कोण कळवेल?

---

खवचट_काका | मंगळवार, दुपारी २:१०

पहिल्या बाकावरच्या पोराने 'सर, बाहेर साप आहे' म्हणावं आणि सरांनी त्यालाच बाहेर काढून दार लावावं.

---

गणितज्ञ_नापास | मंगळवार, दुपारी ३:४८

काका __/\__

कोवॅक्सची भर घालतो. लस सगळ्या देशांत न्याय्य वाटायची म्हणून ही योजना, २०२१ अखेर २०० कोटी डोस द्यायचे ठरलेले. १०० कोटीवा डोस पोचायला जानेवारी २०२२ उजाडला. श्रीमंत देशांनी लस तयार होण्याआधीच कंपन्यांशी थेट सौदे करून ठेवले होते, काहींनी लोकसंख्येच्या कित्येक पट. बौद्धिक संपदा हक्क शिथिल करा हा भारत आणि दक्षिण आफ्रिकेचा प्रस्ताव ऑक्टोबर २०२० चा. जागतिक व्यापार संघटनेचा निर्णय जून २०२२ मध्ये आला, तोही फक्त लशींपुरता.

मे २०२५ मध्ये महामारी करार मंजूर झाला. त्यात लस आणि औषध उत्पादकांनी साथीच्या काळात चालू उत्पादनातला २० टक्के हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून द्यायचा, त्यात एकूण उत्पादनाचा निदान १० टक्के दान म्हणून, असं लक्ष्य आहे. पण नमुने द्यायचे कसे आणि बदल्यात मिळणार काय, हा मूळ भांडणाचा भाग करारात न लिहिता वेगळ्या परिशिष्टावर ढकलला. लग्न ठरलं, देण्याघेण्याचं नंतर बोलू.

---

मीमांसक | मंगळवार, सायंकाळी ६:२०

सगळे 'विचारण्या'वर बोलत आहेत, मी 'कबूल करण्या'वर दोन ओळी लिहितो. हैती, ऑक्टोबर २०१०. भूकंपानंतर नऊ महिन्यांनी कॉलरा आला, त्याआधी निदान शंभर वर्षं तिथे तो नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरची घाण नदीत गेली आणि तिथून सुरुवात झाली. सुमारे आठ लाख लोक आजारी, दहा हजारांच्या आसपास मृत्यू. २०१३ मध्ये भरपाईचे दावे कायदेशीर संरक्षणाचं कारण देऊन फेटाळले. महासचिवांनी जाहीर माफी मागितली डिसेंबर २०१६ मध्ये, तीही 'आम्ही पुरेसं केलं नाही' याची. रोग आणल्याची नाही.

दुसऱ्यांच्या साथींसाठी नीतीची मार्गदर्शिका संयुक्त राष्ट्रांच्याच कुटुंबातल्या जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच काढली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

---

उंटावरून | मंगळवार, रात्री ९:१४

माझं ते वाक्य मागे घेतो असं नाही, पण जरा बदलतो : साथ *आल्यावर* गप्पा परवडत नाहीत, म्हणून त्या आधी मारून ठेवाव्यात. व्हेंटिलेटर कमी पडले तर कुणाला, हे मार्च २०२० मध्ये इटलीच्या डॉक्टरांना भर गर्दीत लिहून काढावं लागलं, वयाची मर्यादा घालावी लागू शकेल इथपर्यंत. ती वेळ ठरवण्याची नव्हती.

निरंजना, तुम्हाला एक विचारतो. खान यांना विचारलं असतं, तर ते हो म्हणाले असते?

---

निरंजना (धागाकर्ती) | मंगळवार, रात्री ९:३०

माहीत नाही. 'हे माझ्या पेशंटला आधी द्या' म्हणाले असते, असं उगाच वाटत राहतं. पण ते माझं वाटणं.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:५२

दोन दिवस वाचतेय, आज सुट्टी म्हणून लिहिते. मी परिचारिका. कोविडमध्ये आमच्या वॉर्डात एका औषधाची चाचणी चालू होती. दवाखाना कुठला ते सोडा.

संमतीपत्र अनेक पानी. किट घालून, दोन मास्कमधून, ऑक्सिजनच्या आवाजावर ओरडत ते वाचून दाखवायचं. कागद आतून बाहेर न्यायचा नाही, म्हणून काचेआडून फोटो काढायचा. धाप लागलेला माणूस मान हलवतो. ती मान 'समजलं' म्हणून हलते की 'बाई, आता थांबा' म्हणून, हे मला कित्येकदा कळलं नाही. नियमाने संमती झालेली असायची.

एका आजींनी नाही म्हटलं. स्पष्ट, दोनदा. मला खरं तर बरं वाटलं, कारण कुणीतरी ऐकून, विचार करून उत्तर दिलं होतं. फॉर्मवर तशी नोंद केली. पहाटे वॉर्डात धावपळ झाली, दोन पेशंट एकदम खालावले, आणि आजींचं पाणी द्यायला मला तासभर उशीर झाला. गेले तेव्हा त्या जाग्याच होत्या. पेला हातात घेतला आणि हळूच विचारलं, "काल नाही म्हटलं म्हणून का गं?"

---

निरंजना (धागाकर्ती) | बुधवार, रात्री १२:०९

मग तू काय म्हणालीस?

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री १२:१७

"नाही हो आजी" म्हणाले. मास्कमधून ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मग फॉर्मची त्यांची प्रत शोधून आणली आणि नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही ही ओळ पुन्हा वाचून दाखवली, या वेळी नीट, बसून. शेवटच्या पानावर होती ती.